लाजेचं भजं

गरम भजं गार व्हायला लागलं, की आधी त्याच्या कडा मऊ पडतात. तेलातून निघताना ताठ उभे असलेले बारीक काटे एकेक करून मान टाकतात, आणि शेवटी त्याच्याखाली बशीवर तेलाची एक गोल चकती उमटते. कोकिळेने हे पुष्कळदा पाहिलं होतं. प्लेटीतली पहिली चार भजी कोणी असं पाहत बसत नाही. ती बोलता बोलता संपतात. पाहायला सापडतं ते पाचवं.

आजही ते बशीत मधोमध पडून होतं. टेबलाच्या एका बाजूला कोकिळा, दुसऱ्या बाजूला भगवंतराव. दोघंही त्या भज्याकडे पाहत होते आणि दोघांचेही हात टेबलाखाली होते.

हिरवा पडदा सरकवून जानराव आत डोकावला. खामगावच्या एस.टी. स्टँडामागचं हे हॉटेल त्याचं. भट्टीपुढे तोच, गल्ल्यावर तोच आणि प्लेटा घेऊन येणाराही तोच. एका कोपऱ्यात फळ्यांचा आडोसा ठोकून त्याने बायामाणसांसाठी खोली केली होती आणि वर 'फॅमिली रूम' अशी पाटी लावली होती. खोलीत टेबल एकच.

"राह्यलं ना पुन्हा?" तो म्हणाला. "लाजेचं भजं! अहो, माह्या हॉटेलात लोकं बशी चाटून जातात. तुम्ही दोघंच असे हाये, का चार खाता आन एक लाजेले ठेवता. लाजेले का भूक लागते काय?"

एरवी या बोलण्यावर भगवंतराव "पुडी बांधा, जानराव" म्हणत. आज ते नुसते हसले आणि म्हणाले, "दोन चहा सांगतो."

दोन. कोकिळेने ऐकलं. इतकी वर्षं एक चहा आणि दोन बशा येत होत्या. पण आज तिचं मन दुसऱ्याच गोष्टीत होतं, म्हणून तिने त्या शब्दाचा फार विचार केला नाही. चहा येऊ दे, तिने ठरवलं. चहा आला की सांगायचं. पिंपळगावपासून खामगावपर्यंत ती मनातल्या मनात एवढंच घोकत आली होती, की आज सांगायचं.

कोकिळा पिंपळगाव राजाच्या दवाखान्यात नर्स होती. माहेर आणि सासर दोन्हीकडची माणसं भाजीपाला पिकवणारी. उंद्रीला नांदायला गेली आणि संसार मांडून होतो न होतो तोच नवरा, तुळशीराम, विषमज्वराने गेला. दिराचं म्हणणं, वहिनीने मळ्यात राबावं आणि दोन घास खावेत. सासू सरस्वतीबाई मात्र आडवी आली. "वांगे तोडाले मजूर भेटते," भाऊबंदांसमोर तिने सांगितलं, "शिकाले डोकसं लागते. ते हिच्यापाशी हाये." सगळ्या उंद्रीने नावं ठेवली, तरी म्हातारीने सुनेला नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं. नोकरी लागल्यावर कोकिळेने तिला आपल्यापाशी पिंपळगावला आणलं. शेजारीपाजारी म्हणत, या सासू-सुना नव्हेत, मायलेकी आहेत. ते खरंच होतं. अडचणही तीच होती.

महिन्याची मीटिंग खामगावला भरे. ती दुपारीच आटपे आणि पिंपळगावची गाडी सुटे उन्हं उतरल्यावर. एका उन्हाळ्यात स्टँडावर टेकायला सावली नव्हती, तेव्हा मीटिंगलाच आलेले भगवंतराव जवळ येऊन म्हणाले होते, "बाई, चहा घेता काय? जानरावच्या हॉटेलात बायामाणसाची सोय हाये."

भगवंतराव देवीची लस टोचण्याच्या कामावर होते. खेड्यापाड्यांत त्यांना देवीडॉक्टर म्हणत आणि त्यांची पेटी दिसली की पोरं कणगीमागे लपत. बायको पहिल्या बाळंतपणात गेलेली. त्यानंतर त्यांनी पुन्हा घर मांडलं नव्हतं. बोलणं सावकाश, हसणं त्याहून सावकाश.

बाईमाणसाने हॉटेलात बसणं त्या काळी धड मानत नसत. परक्या पुरुषासमोर जेवणं तर नाहीच. पण जेवण वेगळं आणि खाणं वेगळं. ताट वाढून, तांब्या भरून माणूस बसला की लोक नातं विचारतात; उभ्या-उभ्या दोन भजी तोंडात टाकली तर ते नुसतं खाणं. त्याला कोणी नातं लावत नाही. एवढ्याशा फटीतून ते दोघं आत शिरले आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले. एक प्लेट भजी, कधी दोन आलूबोंडे, बशीभर शेव, मूठभर चिवडा, तळलेल्या मिरच्या, आणि एक चहा दोन बशांत. सगळं थोडं थोडं, सगळं दोघांत. जानराव म्हणे, "तुमच्यापेक्षा चिमण्या परवडल्या. त्या निदान पोट भरेलोक टिपतात."

शेव-चिवडा वाटून घेता येई. आलूबोंडे दोनच असत, तेव्हा प्रश्न नव्हता. भजी मात्र पाच येत. पाचवं अर्धं करावं, हे दोघांनाही कधी सुचलं नाही. किंवा सुचलं असेल. पण एका भज्याचे दोन तुकडे करून एक समोरच्याला देणं, हे भजं खाण्याच्या पलीकडचं काहीतरी झालं असतं. म्हणून ते उरे. मग भगवंतराव म्हणत, "पुडी बांधा, जानराव, बाईच्या सासूबाईले." त्या एका भज्याला सोबत म्हणून कोकिळा थोडा चिवडा घेई आणि पुडी पिशवीत टाकून गाडीत बसे.

त्या टेबलाशी बसून ती पुष्कळ हिंडली. कारण भगवंतराव खाण्याबद्दल सांगत. फिरतीची नोकरी, कुठे सकाळ, कुठे रात्र. कुणाच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, फोडून तुपात बुडवलेले, आणि सोबत वांग्याची भाजी, जिच्यात तिखट इतकं की नाकातून पाणी. शेगाव स्टेशनवरची कचोरी, जिला बोट लावलं की आतली वाफ शिट्टी मारल्यासारखी बाहेर येते. भुसावळच्या फलाटावर घेतलेली पुरी-भाजी; गाडी सुटली, पुऱ्या हातात आल्या आणि भाजीचा द्रोण फलाटावरच्या माणसाच्या हातात राहिला, मग अकोल्यापर्यंत कोरड्या पुऱ्या.

"मंग कशासंगं खाल्ल्या?" कोकिळेने विचारलं होतं.

"त्या भाजीच्या आठवणीसंगं."

ती अशी हसली की जानरावने पडद्याआडून खाकरून दाखवलं.

नागपूरला मात्र त्यांनी एक नवी चव बरोबरच चाखली. जिल्हा परिषदेने काही नर्सा आणि लस टोचणारे प्रशिक्षणाला पाठवले होते. एका दुपारी सगळी मंडळी सीताबर्डीच्या मद्रासी हॉटेलात शिरली. वेटरने विचारलं, "इडली-सांबार?"

आता वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. कोकिळा म्हणाली, "इडली द्या. सांबार नको, दातात अडकते."

वेटरने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्यापुढे दोन कोरड्या इडल्या आणि चटणी ठेवली. भगवंतरावांपुढे इडल्यांबरोबर वाफाळलेली वाटी आली. पातळ वरणासारखं काहीतरी, आंबूस वासाचं, शेवग्याच्या शेंगा घातलेलं.

"हे काय?" भगवंतरावांनी विचारलं.

"सांबार," वेटर म्हणाला.

भगवंतरावांनी वाटीत वाकून पाहिलं. वर खरोखरच कोथिंबिरीची दोन पानं तरंगत होती. "पाहा बाई," ते म्हणाले, "हे सांबारावर सांबार हाये." आणि वाटी त्यांनी दोघांच्या मध्ये सरकवली. कोकिळेने इडलीचा तुकडा त्यात बुडवला. दोघांचे हात एकाच वाटीत जात होते, हे तिच्या ध्यानात आलं, पण तिने हात मागे घेतला नाही. मंडळी आपापल्या ताटल्यांत होती आणि नागपूर परकं होतं.

त्यानंतर दोघांत तो शब्दच झाला. काय आहे ते न पाहता कोणी नकार दिला, की भगवंतराव म्हणत, "सांबार नको."

घरी येऊन कोकिळेने डोसा करून पाहिला. तांदूळ-उडीद भिजवले, वाटले, रात्रभर आंबवले. सरस्वतीबाईची नजर तोवर अधू झाली होती. तिने डोसा बोटांनी चाचपला, तुकडा मोडला, तोंडात घोळवला.

"धिरडं हाये," ती म्हणाली.

"डोसा म्हणतात त्याले, आत्याबाई."

"म्हनू दे. नागपूरले जाऊन नाव बदलून आलं, लेकाचं. हाये धिरडंच." मग थोडं थांबून, "पन बेस झालं. कोनासंगं खाल्लं व्हतं तिकडं?"

"मीटिंगचे सगळे व्हते."

म्हातारीने आणखी एक धिरडं मागून घेतलं आणि विषय तिथेच राहिला.

पुढे भगवंतरावांची बदली लोणारला झाली. जाण्याआधीच्या मीटिंगला, याच टेबलाशी, त्यांनी विचारलं होतं. आडवळणाने नाही, ते त्यांना जमतच नसे.

"लोणारच्या दवाखान्यात नर्सची जागा खाली हाये. आपल्यात मोहतूर लावते बाईचा, दुसरं लगन होते तिचं, त्यात कोनाले काही म्हनता येत नाही. मी एकटा, तुम्ही एकट्या."

"मी एकटी नाही," कोकिळा म्हणाली होती. "आत्याबाई हायेत."

"त्यायले घेऊनच या. त्यायले सोडून या म्हनणारा मी कोण?"

कोकिळेच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "आत्याबाईंले विचारून पाह्यते."

"विचारा. पन सांबार समजून नको म्हनू नका."

ती त्या दिवशी घरी गेली तेव्हा सरस्वतीबाई दारात बसली होती, गाडीच्या आवाजाकडे कान देऊन. जिने घराण्याशी भांडून आपल्याला शिकवलं, तिच्यापुढे तिच्या मुलाच्या जागी दुसरा माणूस कोणत्या तोंडाने ठेवायचा? कोकिळेने पुडी तिच्या हातात दिली आणि चूल पेटवली. आज नको, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, तिचे गुडघे बरे होऊ दे. गुडघे बरे होण्यासारखे नव्हतेच. नर्स असून हे तिला समजत होतं, तरी ती त्या गुडघ्यांच्या बरं होण्याची वाट पाहत राहिली.

लोणारहून भगवंतराव अधूनमधून येत. खामगावात त्यांची थोरली बहीण होती; तिच्याकडे यायचं ते मीटिंगचा दिवस धरूनच येत. पुन्हा विचारलं त्यांनी नाही. लोणारच्या गोष्टी सांगत. तिथल्या खानावळीत मेथीची भाजी कशी करतात, लसूण आधी की मिरची आधी. भाकरी इतकी पातळ की पापुद्र्याआडून दिवा दिसावा. "आशाबाईच्या हातची बट्टीबी चांगली असते," ते म्हणत. कोकिळा मेथी ऐके, भाकरी ऐके. घरी जाऊन लसूण आधी घालून पाही. त्या ताटातलं सगळं तिला पाठ झालं. ते वाढणाऱ्या हाताचा विचार तिने केला नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्याचे जुने कंपाउंडर किसनराव निवृत्त झाले, त्यांची पंगत झाली. कोकिळा वाढत होती. वाढता वाढता तिने पाहिलं, किसनरावांसमोर त्यांची बायको जेवायला बसली आहे आणि किसनराव आपल्या ताटातला मिरचीचा ठेचा न बोलता तिच्या ताटात सरकवत आहेत. तिनेही वर न पाहता तो भाकरीला लावला. कोकिळेच्या हातातली वरणाची बादली एकदम जड झाली. आपण त्या माणसासोबत इतकं खाल्लं, पण एकदाही जेवलो नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं. त्या संध्याकाळी तिचं ठरलं. आत्याबाईंना विचारणं मागाहून होईल, आधी त्यांना हो सांगायचं.

म्हणून आज ती चहाची वाट पाहत होती.

जानरावने दोन कप ठेवले. दोन पूर्ण कप, दोन वेगळ्या बशांत. पडदा पुन्हा पडला.

"मले एक सांगायचं व्हतं," भगवंतराव म्हणाले.

"मलेबी," कोकिळा म्हणाली. म्हणताच तिला धीर आला, आणि धीर आला म्हणून सवयही आली. "तुम्ही सांगा आधी."

"नाही, तुम्ही बोला."

"तुम्ही काढलं ना आधी. तुम्ही बोला."

भगवंतरावांनी कपाचा कान धरला आणि सोडला. "ते आशाबाई. खानावळवाली. मालक जाऊन लय दिवस झाले तिचा. एक पोरगी हाये, शाळेत जाते. तिच्या भावानं विषय काढला. मी शब्द देऊन आलो परवाच्या दिवशी. पुढल्या महिन्यात मोहतूर हाये. तुमाले दुसऱ्याच्या तोंडून कळू नाही, म्हनून आलो."

भट्टीवर जानराव झाऱ्याने काहीतरी उलथत होता. तेलाचा आवाज आधी मोठा झाला, मग बसला.

"चांगलं झालं," कोकिळा म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला. रोग्याच्या माणसांशी बोलून तो तसा तयार झालेला होता. "पोटाचे हाल संपले तुमचे."

"मी वाट पाह्यली, बाई."

"हाव," तिने होकाराची मान हलवली.

"तुमच्याकून काही नाही, घरूनबी काही नाही. मंग मी समजलो. न बोलणं म्हंजे बोलणंच असते."

'घरून' कशाला म्हणाले, असं कोकिळेच्या मनात येऊन गेलं. बोलण्याच्या ओघात आलं असेल.

"तुम्ही काय सांगून राह्यल्या व्हत्या?" त्यांनी विचारलं. आणि विचारून ते तिच्याकडे पाहत राहिले, नुसतं विचारण्यापुरतं पाहावं त्याहून जास्त वेळ.

कोकिळेने भज्याकडे पाहिलं. काटे सगळे बसले होते. एक शब्द बोलली असती तर समोरचा माणूस उठून उभा राहिला असता, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण लोणारला एक बाई होती, तिची एक पोरगी होती, आणि परवा त्यांना शब्द मिळाला होता. नवरा गेलेल्या बाईला दिलेला शब्द फिरला, की गाव तिच्याकडे कसं पाहतं, हे कोकिळेला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा गार होऊन राह्यला तुमचा."

त्यांनी चहा प्यायला. मग म्हणाले, "आज जेवून जाता काय? कधी जेवलोच नाही आपण. जानराव आता राइस-प्लेटबी देते."

"नको. आत्याबाई वाट पाहत असतीन."

भगवंतराव थोडं हसले. "सांबार नको?"

कोकिळाही हसली. हसताना तिने मान खाली घातली आणि पिशवीचे बंद नीट करत बसली. तिने मान वर केली तेव्हा पडदा हलत होता आणि समोरची खुर्ची मागे सरकलेली होती. जानराव पुडी घेऊन आत आला.

"देवीडॉक्टर गेले काय? पुडी सांगाले इसरले आज. घ्या बाई, म्हातारीले."

चिवडा घ्यायचं तिच्याही ध्यानात राहिलं नाही.

गाडीत पुडी तिने पिशवीत टाकली नाही, हातातच ठेवली. कागदातून तेल पाझरून तळव्याला लागलं. ते तिने पुसलं नाही.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. सरस्वतीबाई दारातच होती. कोकिळेने कंदील लावला, हातपाय धुतले आणि पुडी सासूच्या हातात दिली. म्हातारीने ती उलगडली, बोटांनी चाचपली.

"आज चिवडा नाही."

"इसरली मी."

"रडली काय वं?"

"डोयात धूळ गेली. खिडकीपाशी बसली होती."

सरस्वतीबाईने मान हलवली. भजं तिने खाल्लं नाही. कागदावर तसंच ठेवलं. "देवीडॉक्टर आलता ना आज?"

कोकिळेने सासूपुढे त्या माणसाचं नाव कधी काढलं नव्हतं. ती चुलीपाशी निघाली होती, ती थांबली. "तुमाले कोनं सांगतलं?"

"या भज्यानं." म्हातारीने बोटाने कागद ठोकला. "मले दिसत नाही, पन मोजता येते. एकलं भजं कोनी इकत घेते काय? कोनता हॉटेलवाला एक भजं तोलून देते? हे उरलेलं असते. आन मानूस एकटं असलं तं भजं उरत नाही, पोरी, खाऊन टाकते ते. उरते तव्हा दोघं असतात, आन दोघंबी म्हनतात, त्यानं खावं."

कोकिळा परत वळली.

"मले तं आधीपासून ठावं हाये. आन मंग तो आलता बी इथं."

"कव्हा?"

"बदलीच्या वक्ती. तू कॅम्पले गेलती. इथंच बसला, या ओट्यावर. म्या च्या केला, तं अर्धा सांडला, दिसत नाही ना. त्यानंच पुसला. म्हने, दोघीलेबी घेऊन जातो. मी म्हनलं, माही ना नाही. तं म्हने, माह्यासमोर ते बोलत नाही, तुम्हीच इचारा तिले."

घरूनबी काही नाही. कोकिळेला तो शब्द आता पुरता ऐकू आला. ती सासूसमोर येऊन बसली.

"मंग काऊन नाही इचारलं, आत्याबाई?"

"इचारलं असतं तं तुले वाटलं असतं, बुढी घरातून काढून राह्यली. मी म्हनलं, तिच्या मनात असीन तं बोलीन ते. तू पुडी आनायची, मी खायची. आज बोलीन, उद्या बोलीन. लय वाट पाह्यली म्या." तिने पदराने तोंड पुसलं. "आन भेवबी वाटे. सुनेच्या नव्या घरी जुनी सासू कोन नेते? तो म्हने नेतो. पन म्हननं येगळं."

"त्यायनं नेलं असतं."

"असतं?" म्हातारीला तो शब्द लागला. "काऊन वं? काय झालं?"

"जुळलं त्यायचं. लोणारलेच. एक बाई हाये, तिची पोरगी हाये. शब्द देऊन आले."

"मंग तू काय म्हनलं?"

"चांगलं झालं म्हनलं."

बाहेर शेजारणीने गाईला हाक मारली. कंदिलाची काच काजळी धरत होती; कोकिळेने हात लांब करून वात खाली केली.

सरस्वतीबाईने कागद तिच्याकडे सरकवला. "खा."

"तुम्ही खा. तुमच्यासाठीच आणलं."

"तू खा वं, दुपारपासून..." म्हातारी बोलता बोलता थांबली. कोकिळेचाही हात कागद परत सरकवायला निघालेला होता, तो मधेच थांबला. दोघींच्या मधोमध ते भजं, दुपारी होतं तसंच.

सरस्वतीबाईने ते चाचपून उचललं आणि दोन्ही हातांनी मोडलं. गार भजं कुरकुरत मोडत नाही, ते फाटतं. आतली कांद्याची एक लांब पाकळी दोन तुकड्यांमध्ये ताणली गेली आणि मग तुटली. म्हातारीने एक तुकडा अंदाजाने पुढे केला. कोकिळेने तो तिच्या हातातून घेतला. दोघींनी खाल्लं. मीठ बरोबर होतं, ओवा थोडा जास्त होता. इतक्या वर्षांत हे पाचवं भजं कोकिळेने कधी चाखलंच नव्हतं.

खाऊन झाल्यावर सरस्वतीबाईने हात पदराला पुसले. मग सोयरिकीच्या बैठकीत मोठी माणसं बसतात तशी ती पाठ सरळ करून बसली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

"त्या मानसानं मले एक काम सांगतलं व्हतं," ती म्हणाली. "ते राह्यलं. आता त्याचा काही उपेग नाही, मले समजते. पन दुसऱ्याचं काम आंगावर घेऊन मरू नाही." तिने तोंड सुनेच्या दिशेला वळवलं. "कोकिळे, तुले तो मानूस पसंत हाये काय?"

कोकिळेच्या तळव्याला अजून तेल होतं. तिने तो मिटून घेतला.

"हाव," ती म्हणाली.